हलकी बांधावी, मग जड करावी

अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये ‘प्रो स्टॉक’ नावाचा एक वर्ग आहे. गाडी दिसायला रस्त्यावरच्या मोटारीसारखी, पण आत ५०० घनइंचांचे, म्हणजे ८.२ लिटरचे इंजिन. पाव मैलाचे, म्हणजे ४०२ मीटरचे अंतर ती साडेसहा सेकंदांच्या आसपास कापते. रेषा ओलांडली की पॅराशूट उघडते, गाडी थांबते आणि परतीच्या रस्त्याने वजनकाट्यावर येते. चालकासकट तिचे वजन किमान २,३५० पौंड, म्हणजे साधारण १,०६६ किलो भरावे लागते. एखादा पौंड कमी पडला तरी जिंकलेली फेरी हातची जाते. याच गाडीच्या आत डोकावले तर एक विसंगती नजरेत भरते. बॉडी कार्बन फायबरची, कित्येक बोल्ट टायटॅनियमचे, काचांच्या जागी पातळ प्लास्टिक. ग्रॅम-ग्रॅम वाचवण्यासाठी पैसा ओतलेला. आणि तिथेच चॅसीच्या नळ्यांना शिशाच्या, पोलादाच्या किंवा टंगस्टनच्या लाद्या आवळून बसवलेल्या. या भरीच्या वजनाला बॅलास्ट म्हणतात. इतक्या कष्टाने उतरवलेले वजन पुन्हा विकत घेऊन चढवायचे, हा पहिल्या नजरेला शुद्ध वेडेपणा वाटतो. या प्रकरणात मी उलट बाजू मांडणार आहे. गाडीतल्या सगळ्या वजनात हे एकच वजन असे आहे, की ते कुठे बसवायचे हे बांधणाऱ्याच्या हातात असते. इंजिन जिथे बसते तिथेच बसते, चालक आपल्या आसनावरच बसतो. लाद्या मात्र हव्या तिथे नेता येतात. किमान वजनाच्या नियमाने हलकेपणाची शर्यत एका मर्यादेवर थांबवली आणि तिच्या जागी वजनाच्या मांडणीची शर्यत सुरू केली. ही दुसरी शर्यत पहिलीपेक्षा जास्त बुद्धीची आहे, असे माझे मत आहे.

आधी वजनाची किंमत समजून घेऊ. इंजिनाची शक्ती कायम आहे आणि ती सगळी गाडी पुढे ढकलण्यातच खर्च होते, असे घटकाभर धरू. शक्तीला वेळेने गुणले की गाडीला मिळालेली गतिज ऊर्जा येते. तिच्यावरून ठरलेले अंतर कापायला लागणारा वेळ काढला, तर तो वजन भागिले शक्ती या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो, असे दिसते. पॅट्रिक हेल या अमेरिकन अभियंत्याने याच नात्याला पाव मैलासाठी ५.८२५ हा स्थिरांक लावला आणि ते सूत्र ड्रॅग रेसिंगच्या जगात रुजले: वजन पौंडांत, शक्ती हॉर्सपॉवरमध्ये, गुणोत्तराचे घनमूळ काढा, ५.८२५ ने गुणा, सेकंद हातात येतात. घनमूळ असल्यामुळे वजन तीन टक्के वाढले तर वेळ एकच टक्का वाढतो. तीन हजार पौंडांच्या, दहा सेकंदांत धावणाऱ्या गाडीत शंभर पौंड वाढवले, की वेळ सुमारे ०.११ सेकंदाने वाढतो. ट्रॅकवरची माणसे ‘शंभर पौंडांना एक दशांश सेकंद’ असा जो आडाखा बांधतात तो याच्याशी जुळतो. सामान्य माणसाला दशांश सेकंद म्हणजे काहीच नाही. पण प्रो स्टॉकच्या लढती हजारांश सेकंदांनी सुटतात. अशा खेळात वजनाला खालची मर्यादा ठेवली नाही, तर गाडी किती हलकी करायची याला अंतच उरत नाही.

आणि तो अंत नसतोच, हे १९६०च्या दशकाने दाखवून दिले. नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, ही संस्था वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात उभी केली. रस्त्यांवर बेकायदा होणाऱ्या शर्यती ट्रॅकवर आणायच्या आणि त्यांना शिस्त लावायची, हा तिचा हेतू. दहा-बारा वर्षांत या खेळात मोटार कंपन्याच उतरल्या. १९६३ मध्ये पॉन्टिअ‍ॅकने कॅटालिना या गाडीच्या मोजक्या १४ प्रती अशा काढल्या, की त्यांच्या चॅसीच्या तुळयांना शंभरावर भोके पाडलेली होती. लोकांनी त्यांना ‘स्विस चीज’ असे नाव दिले. ज्या तुळयांवर गाडी उभी राहायची त्यांनाच चाळणी करून कंपनी थांबली. पुढच्या वर्षी फोर्डने फेअरलेनवरून ‘थंडरबोल्ट’ तयार केली. बॉनेट फायबरग्लासचे, खिडक्या प्लास्टिकच्या. रेडिओ नाही, हीटर नाही, प्रवाशाच्या बाजूचा वायपरसुद्धा नाही. पण तोवर सुपर स्टॉक वर्गात ३,२०० पौंडांची किमान मर्यादा आलेली होती आणि थंडरबोल्ट त्या रेषेला जवळजवळ टेकून बांधलेली होती. या गाडीतली मला सर्वांत बोलकी वाटणारी वस्तू म्हणजे तिची बॅटरी. इतके सगळे काढून टाकणाऱ्या अभियंत्यांनी बॅटरी मात्र भली जड निवडली आणि इंजिनाशेजारून उचलून मागच्या डिकीत, उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. वजन कमी करणे हेच सर्वस्व असते, तर त्यांनी छोटी बॅटरी घेतली असती. त्यांना हवे होते ते योग्य जागी बसलेले वजन.

योग्य जागा कोणती, हे कळण्यासाठी गाडी सुटतानाचा क्षण पाहावा लागतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढे ढकलणारे सगळे बल मागच्या दोन टायरांच्या आणि जमिनीच्या घर्षणातून येते. इंजिनात ताकद कितीही असो, मागच्या चाकांवर जेवढा भार, त्याच्या प्रमाणातच पकड मिळते. त्यापलीकडे टायर नुसता गरगरतो. गाडी वेग घेऊ लागली की भार पुढून मागे सरकतो. तो किती सरकतो हे त्वरण, गाडीचे वजन आणि गुरुत्वमध्याच्या उंचीचे व्हीलबेसशी, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराशी, असलेले प्रमाण यांवर ठरते. आकडे घालून पाहू. १,४०० किलोची गाडी आहे, तिचा ४५ टक्के भार, म्हणजे ६३० किलो, मागच्या चाकांवर आहे. घर्षणांक १.२ धरू आणि गुरुत्वमध्याची उंची व्हीलबेसच्या पाचव्या हिश्शाइतकी. अशा गाडीला पकड सुटण्याआधी जास्तीत जास्त ०.७१ जी, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या ७१ टक्के एवढे त्वरण मिळू शकते. त्या वेळी जवळजवळ २०० किलो भार पुढून मागे गेलेला असतो. पहिले ६० फूट, म्हणजे सव्वाअठरा मीटर, ती २.२९ सेकंदांत पार करते. आता नियमासाठी तिच्यात ५० किलो भर घालायची आहे. हे वजन बरोबर पुढच्या अ‍ॅक्सलवर बसवले तर त्वरण ०.६९ जीवर उतरते आणि ६० फुटांना २.३३ सेकंद लागतात. तेच वजन बरोबर मागच्या अ‍ॅक्सलवर बसवले तर त्वरण ०.७४ जीवर चढते आणि वेळ २.२४ सेकंद होतो. वजनकाट्यावर दोन्ही गाड्या १,४५० किलोच भरतील. पंचाला त्यांच्यात फरक दिसणार नाही. पण पहिल्या साठ फुटांतच दोघींमध्ये ०.०९ सेकंदाचे अंतर पडलेले असेल, आणि सुरुवातीला मिळालेली आघाडी शेवटच्या रेषेपर्यंत थोडी वाढतच जाते.

या हिशेबातली एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. मागे वजन बसवलेली जड गाडी मूळच्या हलक्या गाडीपेक्षाही चपळ सुटली. यावरून काही उत्साही लोक असा निष्कर्ष काढतात, की डिकीत वजन टाकले की गाडी वेगवान होते. तो चुकीचा आहे. सुरुवातीचे काही मीटर सोडले की गाडीला टायरची पकड अडवत नाही, इंजिनाची शक्ती अडवते, आणि तिथे वर सांगितलेले घनमूळ आपला हिस्सा वसूल करते. बारा सेकंदांच्या गाडीत ५० किलोंचा हा दंड ०.१४ सेकंदाच्या आसपास जातो, आणि सुटताना कमावलेले ०.०५ सेकंद थोडे वाढले तरी त्याला पुरे पडत नाहीत. म्हणून नियमाने भाग पाडले नसेल तर बहुतेक गाड्यांनी भर घालूच नये. पण नियमाने भाग पाडले असेल, तर दंडाचा बराचसा भाग मांडणीतून परत मिळवता येतो. मर्यादेपेक्षा ५० किलो हलकी गाडी बांधणाऱ्या कारागिराचे कष्ट म्हणूनच वाया जात नाहीत. छपरातून, दरवाजातून, पुढच्या भागातून काढलेले किलो त्याने खाली आणि मागे नेऊन ठेवलेले असतात. जो मुळातच मर्यादेइतकी जड गाडी बांधतो त्याला ही मुभा मिळत नाही. त्याचे वजन जिथे आहे तिथेच अडकून पडते.

वजनाच्या जागेची किंमत अमेरिकन अभियंत्यांना किती नेमकी कळली होती याचा पुरावा १९६५ सालचा आहे. क्रायस्लर कंपनीने त्या वर्षी डॉज आणि प्लिमथच्या काही गाड्यांचे अ‍ॅक्सलच हलवले. मागचा अ‍ॅक्सल १५ इंच पुढे आणि पुढचा १० इंच पुढे. चाके पुढे सरकली म्हणजे त्यांच्या मानाने सगळी गाडी मागे गेली, आणि मागच्या टायरांवर भार चढला. सोबत बॉडीचा पत्रा आम्लात बुडवून पातळ केला होता. चाके भलत्याच जागी आलेल्या या गाड्या इतक्या विचित्र दिसायच्या, की ‘फनी कार’ हे नाव त्यांच्यावरून रूढ झाले. पुढे तो एक स्वतंत्र वर्गच झाला. एनएचआरएने मात्र त्यांना आपल्या कारखानी गाड्यांच्या वर्गात घ्यायला नकार दिला. मला हा नकार रास्त वाटतो. मागे भार हवा म्हणून गाडीची ओळखच मोडणे आणि नियमात राहून वीस किलोंची लादी नेमक्या जागी बसवणे, यांत कौशल्याचा फरक आहे. दुसऱ्या रस्त्याने जाणाऱ्याला मर्यादेच्या आत विचार करावा लागतो.

मागे म्हणजे किती मागे, आणि कोणत्या बाजूला? इथे विषय आणखी खोल जातो. इंजिन पुढे, लांब ड्राइव्हशाफ्ट आणि मागे एकसंध अ‍ॅक्सल अशी रचना असेल, तर शाफ्टचा पीळ अ‍ॅक्सलला फिरवू पाहतो: डावे चाक जमिनीवर दाबले जाते, उजवे उचलले जाते. त्यात अमेरिकन गाडीचा चालक डावीकडे बसतो. म्हणजे उजव्या मागच्या टायरला दोन्हीकडून उपासमार. थंडरबोल्टची बॅटरी उजव्या कोपऱ्यात का गेली याचे उत्तर इथे आहे, आणि आजही हौशी माणूस डिकीत भर घालतो तेव्हा आधी उजवीकडे पाहतो. चारही चाकांखाली चार वेगळे काटे ठेवून, चालकाला आसनावर बसवून, प्रत्येक कोपऱ्याचा भार मोजला जातो तो यासाठीच. एकूण वजन पंचासाठी. चार कोपऱ्यांचे आकडे स्वतःसाठी. भर मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे नेली तर तरफेचा फायदा मिळतो. २.६ मीटर व्हीलबेसच्या गाडीत अ‍ॅक्सलच्या ६० सेंटिमीटर मागे ५० किलो टांगले, तर मागच्या चाकांवर साडेएकसष्ट किलो चढतात आणि पुढच्यांवरून साडेअकरा किलो उतरतात. नियमाने याला लगाम घातलेला आहे: भर बॉडीच्या मागे बाहेर काढता येत नाही, मागच्या टायरांच्या वर चढवता येत नाही.

मागे भार नेण्याचीही हद्द आहे. शक्तिमान गाडीत पकड पुरेशी मिळाली, की पुढची चाके जमीन सोडतात. थोडी उचलली तर बिघडत नाही. सगळा भार मागे गेल्याची ती खूण असते. पण नाक फार वर गेले तर चालकाला समोरचे दिसत नाही, स्टिअरिंगला अर्थ उरत नाही आणि त्याला पाय काढून घ्यावा लागतो, म्हणजे फेरी गेली. यासाठी मागे बारीक चाकांच्या व्हीली बार लावतात. पण या बार जमिनीला टेकून वजन पेलू लागल्या, की तेवढा भार मागच्या टायरांवरून निघून जातो. अशा वेळी भर मागून काढून पुढे, नाकाजवळ न्यावी लागते. सर्वांत वेगवान अशा टॉप फ्युएल आणि फनी कार वर्गांत हे नेहमीचे आहे. सकाळी ट्रॅक थंड आणि पकड उत्तम, दुपारी उन्हाने तापून निसरडा. त्याप्रमाणे क्रू चीफ, म्हणजे संघाचा मुख्य तंत्रज्ञ, पुढच्या टोकाची काही किलो भर काढतो किंवा घालतो. मर्यादेच्या वर थोडे वजन शिल्लक ठेवून तो हे करतो. पतंगाची कणी बांधणारा जसा वारा पाहून दोरा बोटभर वर-खाली करतो, तसे हे काम आहे. बोटभर फरकाने सगळे उड्डाण बदलते.

आता या लाद्यांच्या भयंकर बाजूकडे वळू, कारण नियमांतला सगळ्यांत कडक भाग तिच्यासाठी आहे. गाडी भिंतीवर आदळली आणि त्या क्षणी ३० जीचा धक्का बसला, तर वीस किलोंची शिशाची लादी ६०० किलोंच्या बलाने सुटू पाहते. ती चालकाच्या मागे असेल तर तिचा मार्ग त्याच्या पाठीतून जातो. एनएचआरएच्या नियमानुसार भर गाडीच्या सांगाड्याचा भाग असल्यासारखी कायमची जोडलेली हवी. सुटे किंवा द्रव वजन चालत नाही: पाणी नाही, वाळूच्या पिशव्या नाहीत, दगड नाहीत, छर्‍यांच्या थैल्या नाहीत. बोल्टबद्दल एक गैरसमज हौशी लोकांत असतो, की जाड बोल्ट लावला म्हणजे काम झाले. अर्ध्या इंचाचा चांगल्या प्रतीचा पोलादी बोल्ट काही हजार किलोंचा ताण सहज सोसतो. वीस किलोंच्या लादीपुढे तो तुटत नाही. सुटतो तो ज्या पत्र्यातून बोल्ट घातला तो पत्रा. गाडीची फरशी साधारण मिलिमीटरभर जाडीची असते आणि धक्क्यात बोल्टचे डोके वॉशरसकट तिच्यातून फाडून आरपार निघते. म्हणून लादी फरशीला न आवळता चॅसीच्या नळीला वेल्ड केलेल्या कानांना आवळायची असते. शिशाची आणखी एक खोड आहे. ते मऊ असते, दाबाखाली हळूहळू पसरते आणि आवळलेला बोल्ट काही महिन्यांत ढिला पडतो. पोलादाला ही खोड नाही, पण ते जागा जास्त खाते: वीस किलोंना पोलाद अडीच लिटर घेते, शिसे पावणेदोन आणि टंगस्टन जेमतेम एक. जिथे जमिनीपासून दोन-चार सेंटिमीटर खाली बसणेही मोलाचे, तिथे श्रीमंत संघ टंगस्टनला पैसे मोजतात.

सुट्या आणि द्रव वजनावरच्या बंदीला सुरक्षिततेखेरीज दुसरेही कारण आहे, आणि ते ड्रॅग रेसिंगपेक्षा फॉर्म्युला वनच्या इतिहासात ठळक दिसते. १९८२ च्या ब्राझील ग्रां प्रीत पिके आणि रॉसबर्ग हे चालक पहिले-दुसरे आले आणि नंतर दोघेही बाद झाले. त्यांच्या गाड्यांत ब्रेक थंड करण्यासाठी म्हणून पाण्याच्या टाक्या होत्या. पाणी शर्यतीच्या सुरुवातीला ओतून टाकायचे, हलक्या गाडीने शर्यत पुरी करायची आणि वजनाआधी टाकी पुन्हा भरायची, असा तो प्रकार. १९८४ मध्ये टिरेल संघाच्या गाडीच्या पाण्याच्या टाकीत शिशाचे छर्रे आढळले. डेट्रॉइटला या संघाचा मार्टिन ब्रंडल दुसरा आला होता. संघाने आरोप नाकारले, पण संघाचे त्या संपूर्ण मोसमातले निकाल रद्द झाले. २००५ मध्ये इमोलाला बीएआर संघाच्या गाडीतून इंधन काढून घेतल्यावर तिचे वजन ६०० किलोंच्या मर्यादेखाली गेले आणि संघ दोन शर्यतींना मुकला. तिन्ही प्रकरणांत मुद्दा एकच आहे. वजन नियमात बसते की नाही, हे काट्यावरच्या क्षणाने ठरायचे नसते. धावण्याच्या क्षणी ते गाडीत होते का, याने ठरायचे असते. ड्रॅग रेसिंगने यावर साधा उपाय केला: वजन फेरी संपल्यावर करायचे. टॉप फ्युएल गाडी एका फेरीत, टायर तापवण्यापासून शेवटापर्यंत, दहा-पंधरा गॅलन नायट्रोमिथेन जाळते. हे साधारण ४३ ते ६५ किलो झाले. ते इंधन सुरुवातीला गाडीत होते म्हणून कोणी सवलत देत नाही. उरलेल्या गाडीने काटा भरला पाहिजे.

आता आक्षेप. पहिला मोठा आक्षेप असा, की वेगाच्या खेळात हलकी गाडी बांधणे हेही कौशल्यच आहे. त्याला दंड कशाला? याचे उत्तर चाळणी केलेल्या चॅसीत आहे. खालची मर्यादा नसेल तर शेवटचे किलो नेहमी त्याच भागांतून निघतात जे अपघातात चालकाला वाचवतात: नळ्यांची जाडी, संरक्षक पिंजरा, आग अडवणारा पत्रा. मर्यादा असली की पिंजऱ्याची नळी जाड ठेवल्याने काही हरवत नाही, कारण तेवढीच लादी कमी लागते. सुरक्षिततेचे वजन फुकट होते, हा या नियमाचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो. दुसरा आक्षेप पैशाचा: मर्यादा असूनही श्रीमंत संघ टायटॅनियम लावून गाडी आणखी हलकी करतातच आणि उरलेले वजन टंगस्टनने भरतात, मग खर्च वाचला कुठे? हा आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण पूर्वी वाचवलेला प्रत्येक किलो सरळ वेळ वाचवत होता. आता तो फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो, आणि त्याचा फायदा वरच्या हिशेबाप्रमाणे थोडा आणि मर्यादित असतो. गुरुत्वमध्य हव्या त्या जागी आला की पुढच्या किलोला खरेदीदार उरत नाही.

तिसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. वजन हे नियम करणाऱ्यांच्या हातातले हत्यार होते, असा तो आहे. प्रो स्टॉक १९७० मध्ये सुरू झाला तेव्हा इंजिनाच्या प्रत्येक घनइंचाला सात पौंड असा हिशेब होता. १९७२ मध्ये छोट्या इंजिनाच्या छोट्या गाड्यांना ६.७५ पौंडांची सवलत मिळाली आणि बिल ‘ग्रम्पी’ जेन्किन्स यांनी जेमतेम ३३० घनइंचांचे इंजिन घातलेली शेव्हरोले व्हेगा आणून पोमोनाची विंटरनॅशनल्स ही स्पर्धा जिंकली. पाव पौंडाच्या सवलतीने अख्ख्या वर्गाचे गणित उलटले. त्यानंतरची दहा वर्षे या कंपनीला थोडे जास्त, त्या इंजिनाला थोडे कमी, अशी ओढाताण चालू राहिली. १९८२ मध्ये ५०० घनइंच आणि २,३५० पौंड असा एकच नियम आला तेव्हा ती थांबली. इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या खोगिराखाली शिसे जास्त ठेवतात, जॉकीचे वजन शर्यतीआधी आणि नंतर करतात; सगळे घोडे एकत्र रेषेवर यावेत हा तिथला उघड हेतू आहे. एकोणिसाव्या शतकात अ‍ॅडमिरल राउस यांनी इंग्लंडमध्ये घोड्याच्या वयाप्रमाणे वजनाची श्रेणी बसवून दिली, तेव्हापासून ही विद्या पक्की झालेली आहे. सर्वांना सारखी असलेली खालची मर्यादा ही त्याहून वेगळी गोष्ट. ती चांगल्या गाडीला मागे खेचत नाही. सर्वांना एकच पाया देते. आक्षेप हँडिकॅपला लागू पडतो, मर्यादेला नाही.

चालकाच्या देहाचा प्रश्न याच धाग्यातला आहे. इंडीकार या अमेरिकन मालिकेने २००८ पर्यंत किमान वजनात चालक धरलेला नव्हता, आणि डॅनिका पॅट्रिकसारख्या हलक्या चालकाला आयता फायदा मिळतो अशी कुरकुर तोवर होत राहिली. फॉर्म्युला वनने चालकाला वजनात १९९५ पासून धरले. पण तेवढ्याने उंच चालकांची उपासमार थांबली नाही, कारण हलक्या चालकाच्या गाडीत हलवता येणारी लादी जास्त उरायची. शेवटी २०१९ मध्ये चालक आणि आसन मिळून ८० किलोंचा किमान हिस्सा ठरला आणि कमी पडणारी भर चालकाच्या आसपासच बसवण्याचे बंधन आले. प्रो स्टॉकमध्ये चालकासकट वजन होत असल्याने एरिका एंडर्स यांच्या सहा विजेतेपदांना वजनाची सवलत चिकटवता येत नाही. समजा, एक चालक दुसऱ्यापेक्षा तीस किलो हलका आहे आणि ते तीस किलो लादीच्या रूपाने मीटरभर मागे गेले. तर मागच्या चाकांवर फार तर अकरा-बारा किलो चढतात, म्हणजे गाडीच्या वजनाच्या एक टक्का. फायदा आहे, पण सिग्नल पाहून गाडी सोडण्याच्या कौशल्यापुढे तो फिका आहे. मोटारसायकलींच्या वर्गात मात्र चालक हा एकूण वजनाचा मोठा वाटा असतो, आणि तिथे हा प्रश्न जास्त टोकदार होतो.

आपल्याकडे लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरलेल्या ‘व्हॅली रन’सारख्या स्पर्धांत गट प्रामुख्याने इंजिनाच्या क्षमतेवर पडतात. तिथे उतरणाऱ्या हौशी गाड्यांत मागची आसने, गालिचे, स्पेअर व्हील काढलेले दिसतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत यातले बरेचसे वजन नेमके मागच्या टायरांवरचे असते, आणि ते काढून सुटतानाची पकडही कमी होते, हे वरच्या हिशेबावरून लक्षात यावे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, म्हणजे आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांत गणित उलटे आहे. तिथे वेग घेताना भार चालणाऱ्या चाकांवरून मागे पळतो, म्हणून मागचे वजन काढणे दुहेरी फायद्याचे. आणि भर घालण्याची वेळ आलीच तर ती पुढच्या बंपरच्या जवळ हवी.

मर्यादेच्या किती वर राहायचे, हा निर्णय शेवटी उरतोच. दोन ठिकाणचे काटे एक-दोन पौंडांचा फरक दाखवू शकतात. टायर तापवताना आणि धावताना रबर झिजते, क्लचची धूळ उडते, इंधन अंदाजापेक्षा थोडे जास्त जळते. बरोबर २,३५० पौंडांवर गाडी आणणे म्हणजे जिंकलेली फेरी काट्याच्या मर्जीवर सोडणे. पाच पौंड वर राहिले तर घनमुळाच्या हिशेबाने साडेसहा सेकंदांत साडेचार हजारांश सेकंद जातात, आणि त्याहून कमी फरकाने या वर्गात अंतिम लढती सुटलेल्या आहेत. म्हणून क्रू चीफ प्रत्येक ट्रॅकवर पोहोचल्यावर आधी तिथल्या अधिकृत काट्यावर गाडी चढवून घेतो, आपल्या चार काट्यांच्या बेरजेशी तो आकडा ताडून पाहतो, आणि मग किती लाद्या ठेवायच्या ते ठरवतो.